पंडित रामभाऊ विजापुरे आणि बेळगावची पेटी

पंडित रामभाऊ कल्लोपंत विजापुरे (1917–2010) हे बेळगावचे हार्मोनियमवादक. साथीदार, एकल वादक आणि शिक्षक या तिन्ही नात्यांनी त्यांचा पेटीशी सत्तर वर्षे संबंध राहिला. बेळगावापासून धारवाड-हुबळीपर्यंत आणि इकडे मिरज-कोल्हापूरपर्यंत गाण्याच्या वर्तुळात त्यांची ओळख 'विजापुरे मास्तर' अशीच होती. त्यांच्या आयुष्याचा बराचसा काळ असा होता, की त्यांच्या वाद्याला देशाच्या सर्वांत मोठ्या संगीतसंस्थेत, म्हणजे आकाशवाणीत, प्रवेशच नव्हता. तरीही त्या काळात त्यांनी पेटीला जे स्थान मिळवून दिले, ते कसे मिळाले हे समजून घ्यायचे तर वाद्य, गाव आणि गायकी या तिन्हींची ओळख करून घ्यावी लागते.

पट्ट्यांच्या वाद्यावर आयुष्य वाहणारा कलावंत म्हटला की पाश्चात्त्य संगीतात पियानोवादक डोळ्यांसमोर येतो. 88 पट्ट्यांच्या त्या वाद्यापुढे तो एकटा बसतो, लिहून ठेवलेल्या रचना दोन्ही हातांनी वाजवतो आणि सभागृह त्यालाच ऐकायला आलेले असते. त्यासाठी लहानपणापासूनचे शिक्षण, संगीतशाळा, स्पर्धा, दौरे, ध्वनिमुद्रिका अशी एक ठरलेली वाट तिकडे तयार आहे. मराठी मुलखात पियानो आला तो गोव्यातल्या ख्रिस्ती आणि मुंबईच्या पारशी घरांत, पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदात. रागसंगीताच्या मैफिलीत तो शिरला नाही. पियानोची तार आघाताबरोबर वाजते आणि लगेच विरू लागते. गाण्याला हवा असतो धरून ठेवलेला, वाढवता आणि उतरवता येणारा स्वर. तो देणारे पट्ट्यांचे वाद्य म्हणजे हार्मोनियम. म्हणून आपल्याकडे पट्ट्यांवरची बोटांची विद्या वाढली ती पेटीवर, आणि तिचे रूपही वेगळे झाले. डावा हात भात्यावर गुंतलेला, त्यामुळे सगळे काम एका उजव्या हाताचे. समोर कागद नाही. आणि बहुतेक मैफिलींत श्रोते पेटीवाल्याला ऐकायला आलेलेच नसतात.

हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ याने 1842 मध्ये घेतले. मिशनरी आणि गोरे अधिकारी यांच्याबरोबर ते वाद्य हिंदुस्थानात आले तेव्हा ते पायाने भाता चालवण्याचे होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 मध्ये 'द्वारकिन' ही वाद्यांची पेढी काढली आणि पुढच्या दशकात हाताने भाता मारण्याची, जमिनीवर बसून वाजवता येणारी सुटसुटीत पेटी घडवली. बैठकीत मांडी घालून बसणाऱ्या देशाला या एका बदलाने ते वाद्य आपलेसे झाले. पुढे आपल्या कारागिरांनी त्यात पुष्कळ भर घातली. खर्ज, नर आणि मादी अशा वेगवेगळ्या सप्तकांच्या सुरांचे संच एकाच पेटीत बसवले, एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातला तोच स्वर वाजवणारे कपलर लावले, पट्ट्यांचा पाटा सरकवून षड्ज बदलता येईल अशी सोय केली. 'काळी एक', 'पांढरी चार', 'काळी पाच' ही गायकांच्या पट्टीची नावे आज तंबोऱ्यावर गाणारेही सहज वापरतात. ही भाषा पेटीने दिलेली आहे.

मराठी माणसाच्या कानाला पेटीची सवय लावली ती नाटकाने, आणि त्या नाटकाचा बेळगावशी जुना संबंध आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म 1843 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. बेळगावात असतानाच 1866 मध्ये त्यांनी 'भरतशास्त्रोत्तेजक मंडळी' काढली होती. 1880 मध्ये पुण्यात त्यांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि संगीत नाटक हा मराठी माणसाचा ध्यास होऊन बसला. नाटक कंपन्यांची वाट कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी अशी. निपाणीची तंबाखूची पेठ आणि बेळगावची छावणी व बाजार यांमुळे या गावांत तिकीट काढून नाटक पाहणारा प्रेक्षक होता. कंपनी महिना-दीड महिना मुक्काम टाकी आणि मागे नाट्यपदांचे वेड ठेवून जाई. ज्या घरात तंबोरा कधी आला नसता, त्या घरात या पदांसाठी पेटी आली.

पेटी हे केवळ सोयीचे वाद्य नाही, तिच्यावर स्वतंत्र कला उभी राहू शकते, हे प्रथम दाखवले गोविंदराव टेंबे यांनी. कोल्हापूरजवळच्या सांगवडे येथे 1881 मध्ये जन्मलेले टेंबे गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसत. 1911 च्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या. भास्करबुवा आणि अल्लादिया खाँ यांच्या गायकीचे त्यांनी केलेले मनन त्यांच्या बोटांत उतरले होते. त्यांच्यामुळे कोल्हापूर-बेळगाव भागात पेटीवादनाला प्रतिष्ठा आली. बेळगावात जुन्या पिढीत विठ्ठलराव कोरगावकर यांचे नाव पेटीसाठी आदराने घेतले जाई. रामभाऊंच्या आधीच ही जमीन नांगरलेली होती.

रामभाऊंचा जन्म 7 जानेवारी 1917 रोजी कागवाडला झाला. कागवाड तेव्हाच्या अथणी तालुक्यातले, मिरजेपासून काही मैलांवरचे गाव. या टापूचे संगीताच्या नकाशावरचे स्थान मोठे आहे. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी रुजवली. तिथेच त्यांच्याकडे शिकलेले कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीतशिक्षण सर्वांसाठी खुले केले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. तंबोरे आणि सतारी घडवणारे कारागीरही मिरजेचेच. कृष्णेच्या या पट्ट्यात घरी कन्नड आणि बाजारात मराठी, किंवा याच्या उलट, हे नित्याचेच होते. रामभाऊंचे वडील कल्लोपंत शिक्षक होते आणि कन्नड नाटके लिहीत. मुलाच्या कानावर कन्नड रंगगीते आणि मराठी नाट्यपदे एकदमच पडली असणार. पुढे दोन्ही भाषांतल्या गायकांच्या मागे बसताना ही दुहेरी शिदोरी त्यांच्या कामी आली. बंदिशीचे आणि पदाचे शब्द ज्याला कळतात, त्याच्या साथीत शब्दांची ओढाताण होत नाही.

पेटीचे पहिले धडे त्यांना अण्णिगेरी मल्लय्या यांच्याकडून मिळाले. पुढे गोविंदराव गायकवाड, हणमंतराव वाळवेकर यांच्याकडे तालीम झाली. हात तयार होण्यापुरते हे शिक्षण पुरेसे होते. रामभाऊंनी त्याच्या जोडीला गाणे शिकायला घेतले, आणि त्यांच्या कलेची दिशा इथेच ठरली. रामकृष्णबुवा वझे, त्यांचे चिरंजीव शिवरामबुवा, कागलकरबुवा यांच्याकडून त्यांनी कंठसंगीताची विद्या घेतली. वझेबुवा ग्वाल्हेर परंपरेतले, निसार हुसेन खाँ यांच्याकडे शिकलेले. अनवट रागांचा आणि बंदिशींचा त्यांच्याकडे मोठा साठा होता. तो पुढच्या पिढीला मिळावा म्हणून त्यांनी 'संगीत कला प्रकाश' हा ग्रंथ दोन भागांत लिहिला. ललितकलादर्श मंडळीच्या नाटकांना चाली देणारे आणि दीनानाथ मंगेशकरांना शिकवणारे बुवाही तेच. त्यांच्या गाण्यात जोर, लयीशी झुंज आणि पेचदार तान होती. अशा गुरूकडे शिकणाऱ्याला राग हा सुरांच्या चढउताराचा तक्ता म्हणून शिकताच येत नाही. कोणता स्वर कुठून उचलायचा, कुठे नुसता स्पर्श करायचा, कुठे थांबायचे आणि कुठे थांबायचे नाही, हे गळ्यातून शिकावे लागते. रामभाऊंची बोटे घडली ती या शिक्षणाने.

याचे महत्त्व समजण्यासाठी पेटीवरचे आक्षेप नीट पाहिले पाहिजेत. ते पोकळ नाहीत. कारखान्यातून येणाऱ्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. सप्तक 1200 सेंटचे धरले तर प्रत्येक भाग 100 सेंटचा. तंबोऱ्याशी जुळणारा नैसर्गिक शुद्ध गांधार षड्जापासून 386 सेंटवर असतो. पेटीचा गांधार 400 वर, म्हणजे 14 सेंट चढा. शुद्ध धैवत 16 सेंट चढा, कोमल गांधार 16 सेंट उतरलेला. पंचमात मात्र फरक दोनच सेंटचा, तो कानाला कळतही नाही. उत्तम लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गांधार ऐकू येतो. त्याच्या शेजारी पेटीचा गांधार वाजला की तयार कानाला तो टोचतो. दुसरा आक्षेप याहून मोठा आहे. पेटीवर मींड नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, दरबारी रागाचा कोमल गांधार हलवणे, हे दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेतले काम, आणि पेटीला मधली जागाच नाही.

हे दोष दूर करण्याचे प्रयत्न याच परिसरात फार लवकर सुरू झाले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमेंट्स या आय. सी. एस. अधिकाऱ्याबरोबर, अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर मोजून, त्यांनी श्रुतींची हार्मोनियम तयार करण्याचा घाट घातला. ती पेटी विलायतेत बनवून घेतली गेली आणि 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर बरीच चर्चा झाली. ती चालली मात्र नाही. पट्ट्या वाढल्या की बोटांची अडचण होते, आणि श्रुतींच्या नेमक्या जागांवर गायकांचेच एकमत नव्हते. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी नव्या रचनेने सिद्ध केली आहे. पेटीवाल्यांनी स्वतः काढलेला मार्ग साधा होता: ठरलेल्या एका षड्जावर स्वर नैसर्गिक जागी बांधून घ्यायचे. याला 'गांधार ट्यूनिंग' म्हणतात. अशी पेटी त्या षड्जात गोड वाजते, पण षड्ज बदलला की तेच स्वर बेसूर होतात. सर्वांच्या साथीला बसणाऱ्या वादकाची त्याने पुरती सोय होत नाही.

उरलेला मार्ग वाद्यात नव्हे, वादकात बदल करण्याचा. मींड वाजवता येत नसली तरी मींडेचा भास निर्माण करता येतो. त्यासाठी कण, म्हणजे मुख्य स्वराला लागून येणारा ओझरता स्वर, अगदी हलका आणि नेमक्या क्षणी लागला पाहिजे, एक पट्टी सुटण्यापूर्वी दुसरी दबली पाहिजे, आणि भात्यावरच्या डाव्या हाताने त्याच वेळी हवा किंचित कमी केली पाहिजे. टोचणाऱ्या गांधारावर ठिय्या द्यायचा नाही, त्याला ऋषभाच्या किंवा मध्यमाच्या सोबतीने घ्यायचे. गायक दरबारीचा गांधार हलवत असताना पेटीने त्या गांधाराला हात लावू नये, खाली षड्ज-ऋषभापाशी थांबावे. यातले काहीही पेटीच्या शिक्षणातून येत नाही. हे सगळे ज्ञान गाण्याचे आहे. पेटीच्या मर्यादेचे उत्तर यंत्रात शोधणारे देवल आणि ते गायकीत शोधणारे विजापुरे, दोघेही एकाच पट्ट्यातले, पण वेगवेगळ्या पिढ्यांचे. देवलांची चिकाटी आणि विद्वत्ता मोठी होती, तरी मैफिलीत टिकले ते गायकीतले उत्तर.

1938 मध्ये, एकविसाव्या वर्षी, रामभाऊंनी बेळगावात श्रीराम संगीत विद्यालय सुरू केले. कलावंताने पोट भरायचे तर शिकवण्या कराव्यात, ही त्या काळची रीत होतीच. पण हा निर्णय दोन वर्षांतच वेगळ्या अर्थाने निर्णायक ठरला. पेटीविरुद्धचे मत तोपर्यंत तापले होते. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फौल्ड्स यांनी 1938 मध्ये पेटीवर कडक टीका करणारा लेख लिहिला. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी आपल्या गाण्याला घातक वाटत होती आणि त्यांनी तसे कलकत्ता केंद्राला कळवले. नभोवाणीचे नियंत्रक लायोनेल फील्डन यांच्या कारकिर्दीत, 1 मार्च 1940 पासून, सर्व केंद्रांवर हार्मोनियमला बंदी झाली. स्वातंत्र्य आले तरी बंदी उठली नाही. 1952 ते 1962 या काळात नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण केसकर स्वतः मराठी आणि संगीताचे जाणकार, पण पेटीबद्दल तेही तितकेच कठोर. साथीची परवानगी मिळायला 1971 हे साल उजाडले. एकल वादनाचे दार त्यानंतरही कित्येक वर्षे बंदच होते.

या तारखा रामभाऊंच्या वयाशी जुळवून पाहाव्यात. बंदी आली तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते, ती सैल झाली तेव्हा चौपन्न. कलावंताची उभारी आणि भर ज्या वयात असते ती सगळी वर्षे या दोन सालांच्या मध्ये गेली. याच काळात संस्थाने विलीन झाली, दरबारी आश्रय संपला आणि आकाशवाणी हीच शास्त्रीय संगीताची सर्वांत मोठी आश्रयदाती बनली. 8 जानेवारी 1950 ला धारवाड केंद्र सुरू झाले. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू यांचे गाणे त्या केंद्रावरून घराघरांत गेले. साथीला सारंगी किंवा व्हायोलिन. जे गायक रात्री बेळगावच्या बैठकीत पेटीच्या साथीने गात, तेच स्टुडिओत तिच्याशिवाय गात. त्या तीस वर्षांतल्या सरकारी ध्वनिमुद्रणांच्या साठ्यात पेटीची साथ म्हणूनच जवळपास नाही. एका पिढीच्या पेटीवादकांचे काम खासगी बैठकींत आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणीत राहिले. हे नुकसान भरून येण्यासारखे नाही.

अशा स्थितीत ज्याला विद्यालय होते तो तगला. विद्यालयात गाणे आणि पेटी दोन्ही शिकवले जाई. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे लहान गावातल्या विद्यार्थ्यालाही मान्यताप्राप्त पायऱ्या मिळाल्या होत्या, आणि बेळगावसारख्या शहरात त्या परीक्षांना बसणारी मुले-मुली मध्यमवर्गीय घरांतून मोठ्या संख्येने येत. शेकडो विद्यार्थ्यांतून वादक मोजकेच निघतात. बाकीचे श्रोते होतात, भजनी मंडळात पेटी धरतात, शाळेत संगीतशिक्षक होतात. बेळगावचा श्रोता जाणकार म्हणून गायकांमध्ये ओळखला जातो, त्यामागे अशा वर्गांचा वाटा आहे. पेटीवर शिकलेल्या मुलाचा कान बिघडतो, असा आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे इथे लागू पडते का? पट्टी दाबून तिच्यावर गळा टेकवायला शिकवले तर निश्चित पडते. शिक्षक स्वतः गाऊन दाखवणारा असेल तर पेटी आधारापुरती राहते.

साथ ही रामभाऊंच्या कारकिर्दीची मुख्य भूमी. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व अशा अनेक पिढ्यांच्या गायकांच्या साथीला ते बसले. ही नावे एका दमात घेता येतात, पण प्रत्येकाच्या मागे बसणे ही वेगळी परीक्षा आहे. मन्सूर जयपूर घराण्याचे, मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांचे शिष्य. जोडराग, अनवट राग, एकातून एक उलगडत जाणारी आणि मध्ये श्वासही न घेणारी स्वरवाक्ये, आणि राग कोणता ते आधी सांगायची पद्धत नाही. इथे साथीदाराला पहिल्या दोन-तीन स्वरसंगतींत राग ओळखावा लागतो आणि पुढचे वाक्य कुठे वळेल याचा अंदाज बांधूनही त्याच्या आधी जायचे नसते. गंगूबाई किराण्याच्या, सवाई गंधर्वांच्या शिष्या. त्यांचा आवाज पुढे खाली आला आणि पुरुषी पट्टीत स्थिरावला. एकेक स्वर रेंगाळत, उलगडत जाणारा त्यांचा विलंबित ख्याल साथीदाराकडे गती मागत नाही, संयम मागतो. एक पट्टी अधिक वाजली तरी वातावरण भंगते. भीमसेनांच्या दमसासाच्या तानांबरोबर पळताना भात्याची हवा तानेच्या अर्ध्यात संपून चालत नाही.

सर्वांत अवघड कुमार गंधर्व. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा हा मुलगा 1924 मध्ये जन्मला, मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकला आणि क्षयाच्या आजारानंतर देवासला राहून त्याने गाण्याचा नवा घाट घडवला. एकाएकी फेकलेली छोटी स्वरवाक्ये, मधली नि:शब्द जागा, तार सप्तकात चमकून परत येणारा सूर. या गाण्यातली शांतता हीच रचनेचा भाग आहे. चांगल्या साथीदाराचाही हात अशा वेळी सवयीने ती जागा भरायला जातो. ती मोकळी ठेवायची हे ज्याला कळते, त्याला ते गाणे कळले असे म्हणता येते.

साथीचे एकूण शास्त्र लिहून ठेवलेले नाही. त्यातली काही तत्त्वे मात्र रामभाऊंच्या पद्धतीत स्पष्ट ऐकू येतात. गायकाच्या पाठोपाठ जायचे, पण सावलीसारखे चिकटून नव्हे; गायकाच्या वाक्याचा सारांश त्याच्या विश्रांतीत परत द्यायचा, त्याला न सुचलेली जागा सुचवायची नाही. गायक थकला तर स्वर भरून धरायचा. तबल्याच्या सम-खालीवर लक्ष ठेवून मुखड्याला जागा करून द्यायची. आवाज गायकाच्या आवाजाच्या खाली ठेवायचा, त्यासाठी खर्जाचा संच बंद ठेवणे, भाता अर्धाच उघडणे अशा युक्त्या. आपली तयारी दाखवण्याची संधी प्रत्येक मैफिलीत दहा वेळा येते. तिला नकार देणारा साथीदारच पुन्हा बोलावला जातो, आणि विजापुरे मास्तरांना पिढ्यानपिढ्या बोलावले गेले.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचनेत बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. पुढची दशके या भागात सीमाप्रश्नावरच्या आंदोलनाची होती. 1967 च्या महाजन आयोगाच्या अहवालानेही प्रश्न सुटला नाही, आणि मराठी माणसाच्या मनातली ती सल आजही तशीच आहे. संगीताच्या क्षेत्रात मात्र या रेषेने जुने धागे तुटले नाहीत. धारवाडचा गायक, बेळगावचा पेटीवाला आणि मिरज-कोल्हापूरचा तबलजी एका बैठकीत बसत राहिले. ख्याल कन्नड माणूसही ब्रज-हिंदीत गातो. मैफिलीच्या शेवटी मराठी नाट्यपद आणि कन्नड वचन, दोन्हींची फर्माईश एकाच सभागृहातून येते. कर्नाटकात रामभाऊंचा 'कर्नाटक कलातिलक' या किताबाने गौरव झाला, तर महाराष्ट्रातले रसिक आणि गायक त्यांना आपल्या परंपरेतलेच मानत आले. त्यांच्यावर एकाच बाजूने हक्क सांगणे त्यांच्या घडणीवरच अन्याय करणारे ठरेल.

एकल वादनात साथीदाराचा संयम बाजूला ठेवून सगळी विद्या मांडावी लागते. टेंब्यांनंतर मराठी मुलखात या कलेचे निरनिराळे रंग दिसले. पी. मधुकर यांचे चपळ आणि झगमगीत वादन, आप्पा जळगावकरांची सुरेल, भावपूर्ण शैली, मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांचा नाट्यसंगीतावरचा हात, पेटीला 'संवादिनी' म्हणणारे मनोहर चिमोटे यांची तंतकारी अंगाची मांडणी. या सर्वांत रामभाऊंचे वेगळेपण त्यांच्या ख्यालाच्या शिस्तीत आहे. ते राग वाजवत तो गायक जसा गाईल तसा: स्थायी-अंतरा भरून, विलंबितात बढत करून, बोलांचे वजन राखून, मग द्रुतात ताना. त्यांच्या वादनातली वाक्ये श्वासाच्या लांबीची असतात. पेटीला दम लागत नाही, भाता चालू आहे तोवर स्वर चालू राहू शकतो. तरी गळा जिथे थांबेल तिथे ते बोटे उचलत. नाट्यपद वाजवतानाही शब्द न उच्चारता कळावेत इतका त्यांचा बोटांचा उच्चार स्पष्ट होता. वेगाचे आकर्षण असलेल्या श्रोत्याला हे वादन सुरुवातीला साधे वाटेल. त्यातली खोली जाणवायला त्याच रागाचे गाणे कानात असावे लागते.

शिष्यांत ही दृष्टी पुढे गेली. बेळगावचे सुधांशु कुलकर्णी आणि बंगळुरूचे रवींद्र काटोटी यांनी साथ आणि एकल वादन दोन्हींत नाव मिळवले. गुरूच्या काळात एकल पेटीवादनाला मैफिलीच्या शेवटी किंवा सत्काराच्या कार्यक्रमात जागा मिळे. शिष्यांच्या पिढीत पूर्ण मैफिल पेटीची, असे कार्यक्रम नियमाने होऊ लागले. काटोटी यांच्या पुढाकाराने जानेवारी 2018 मध्ये बंगळुरूत हार्मोनियमचे जागतिक संमेलन भरले आणि देशविदेशांतले वादक व अभ्यासक तिथे एकत्र आले.

रामभाऊ नव्वदी ओलांडेपर्यंत विद्यार्थ्यांच्या आणि पेटीच्या सहवासात राहिले. 19 नोव्हेंबर 2010 रोजी बेळगावात त्यांचे निधन झाले.